माशी, अळी आणि मधले आठ-दहा दिवस: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बाळे भागात आमचा छोटा गोठा आहे, पाच म्हशी आणि दोन रेडकं, आणि गोठा म्हटलं की माश्या आल्याच. दूध न्यायला येणाऱ्या ताया, शेजारपाजारचे, नात्यातले, सगळे मलाच विचारतात की डब्यात किडे पडलेत काय टाकू, माश्या लई झाल्यात काय करू, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. मी डॉक्टर नाही, पण बारा वर्षं रोज हेच बघतेय, आणि पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी बरणीत अंड्यापासून माशीपर्यंत सगळं डोळ्यांनी बघितलंय. बाकीचं वाचून आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून पक्कं केलंय.

एक आधीच सांगते. उडणाऱ्या माश्या मारत बसलात तर जन्मभर मारत बसाल, ती माशी आठ-दहा दिवसांपूर्वी कुठल्या ओल्यात जन्मली ते शोधा.

रात्री डबा स्वच्छ होता, सकाळी नुसती वळवळ. अळ्या आपोआपच होतात ना?

नाही हो. माझ्या सासूबाई अजून म्हणतात की नासलं की किडे पडतात, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, जगभरातले शिकलेले लोकसुद्धा शेकडो वर्षं हेच मानत होते. मग १६६८ साली इटलीत फ्रान्सिस्को रेडी म्हणून एकजण होते त्यांनी साधा प्रयोग केला, काही भांड्यांत मांस उघडं ठेवलं आणि काहींच्या तोंडावर जाळीचं कापड बांधलं. मांस दोन्हीकडं नासलं, वास दोन्हीकडं सुटला, पण अळ्या फक्त उघड्या भांड्यात झाल्या. बांधलेल्या भांड्यांवर माश्या घिरट्या घालत राहिल्या आणि त्यांनी अंडी टाकली ती वरच्या कापडावरच. म्हणजे नासणं वेगळं आणि किडे पडणं वेगळं, मधे माशी लागतेच.

तुमच्या डब्याचं झाकण बोटभर उघडं राहिलं असणार, किंवा मटण-मासळीच्या पिशवीवर अंडी दुकानातनंच आली असणार. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंडं ८ ते २४ तासांत फुटतं, त्यामुळं संध्याकाळी काही दिसत नाही आणि सकाळी वळवळ दिसते.

अंडी दिसतात कशी?

बारीक पांढरी, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, साधारण एक मिलिमीटर लांब. एकेकटी नसतात, घोसात असतात. मादी एका वेळेला ७५ ते १५० अंडी घालते, आणि आयुष्यात असं चार-सहा वेळा, म्हणजे एका माशीची पाचेकशे अंडी होतात. पण ती कोरड्यावर घालत नाही कारण अंडं सुकलं की मेलं, तिला ओल आणि ऊब दोन्ही लागतं. गव्हाणीखाली सांडलेली भिजकी पेंड, उकिरड्याची कड, शिळा भात, सालपटांचा ढीग, कोंबड्यांची ओली विष्ठा, डायपर, ह्या तिच्या आवडीच्या जागा.

आता बघा, शेंगाची चटणी, कडक भाकरी असं कोरडं आपण महिनाभर ठेवतो, त्यात माशीच्या अळ्या कधी होत नाहीत. ज्वारीच्या कणगीत किंवा डाळीत जी जाळी धरणारी अळी दिसते ती पतंगाची, तिचा आणि माशीचा काही संबंध नाही.

अंड्यापासून माशी व्हायला नक्की किती दिवस लागतात?

ऊन-उकाड्यात ७ ते १० दिवसांत होऊ शकतं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात थंडी असते तेव्हा तेच लांबतं. ही आमच्या बरणीची गोष्ट, जुलैतली.

सोमवारी सकाळी गव्हाणीखालच्या आंबलेल्या सरकी पेंडीत अंड्यांचा घोस सापडला, तो पेंडीसकट काचेच्या बरणीत घातला, वर जुन्या ओढणीचं कापड बांधलं आणि एका बाजूला मुद्दाम कोरडा भुसा भरला. मंगळवारी सकाळी बघितलं तर आधी काहीच दिसेना, पोरानं भिंग धरलं तेव्हा पेंडीत दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी हलताना दिसलं. बुधवार-गुरुवार त्या नुसत्या खात होत्या, आणि वाढायचा वेग असा की सकाळची अळी आणि संध्याकाळची अळी वेगळी वाटावी. मधे दोनदा कात टाकतात, म्हणजे अळीच्या तीन अवस्था होतात. शनिवारपर्यंत सेंटिमीटरभर झाल्या, पिवळसर, साईच्या रंगाच्या, आणि कान लावला तर पेंडीतनं हलकी चरचर ऐकू यायची, हे मी कुठं वाचलं नव्हतं पण आम्ही दोघांनी ऐकलं. रविवारी सगळ्यांनी एकदम खाणं सोडलं आणि कोरड्या भुशाकडं निघाल्या, काही काचेवरनं वर चढल्या. सोमवारी त्या आखडून गोल झाल्या, आधी पिवळट, मग विटकरी, मंगळवारपर्यंत गडद तपकिरी. आणि पुढच्या गुरुवारी पहाटे दूध काढायला उठले तर बरणीत तीन माश्या. अकरावा दिवस होता. शुक्रवारी दुपारपर्यंत मोजता येईनात इतक्या झाल्या.

अळीला तोंड, डोळे, पाय काही असतं का?

पाय नसतात, डोक्यासारखं डोकंही दिसत नाही. निमुळतं टोक ते तोंड, त्यात दोन काळे बारीक आकडे असतात, त्यांनी खरवडते आणि पुढं ओढत जाते. बोथट मागचं टोक नीट बघा, दोन काळे ठिपके दिसतील, लोकांना ते डोळे वाटतात पण ती श्वास घ्यायची छिद्रं आहेत. म्हणून अळी डोकं घाणीत खुपसून आणि शेपटी हवेत ठेवून दिवसभर खाऊ शकते, तिला श्वासासाठी खाणं थांबवावं लागत नाही. हे लक्षात ठेवा, खाली जखमेच्या प्रश्नात हेच उपयोगी पडणार आहे. खरा डोळा नसला तरी उजेड कळतो, टॉर्च मारला की पळतात आत.

डबा कोपऱ्यात आहे आणि अळ्या हॉलमध्ये, बेडखाली, चपलांत सापडतात. घर भरलं का?

घाबरू नका, तुमच्या हॉलमध्ये काही सडलेलं नाही. वर बरणीत रविवारी झालं तेच हे, पोट भरलेली अळी कोष करायला कोरडी आणि अंधारी जागा शोधत निघते, आणि बरंच लांब जाते. पण ह्याचा अर्थ असा की डब्यात चार-पाच दिवस काहीतरी पडून होतं, आणि आज झाडून काढलं नाही तर तीन-चार दिवसांनी माश्या होतील. झाडताना सोफ्याखाली, पायपुसण्याखाली, डब्याच्या बुडाखाली बघा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी पाच दिवस आली नाही तेव्हा शेजारच्या काकूंकडं अगदी असंच झालं होतं, त्या बिचाऱ्या रात्रभर झोपल्या नाहीत.

ते तपकिरी कडक दाणे काय असतात, उंदराच्या लेंड्या का?

कोष आहेत ते. लेंडी दोन्हीकडं टोकदार किंवा वाकडी असते, कोष कॅप्सूलसारखा गोलसर आणि त्याच्यावर आडव्या बारीक वळ्या असतात. एखादा रिकामा सापडला तर टोकाला टोपण उडाल्यासारखं भोक दिसेल. फुलपाखराची अळी कोष करते तसं नाही, इथं अळीची शेवटची कातडीच कडक होऊन कवच बनते आणि आत अळीचं सगळं विरघळून माशी नव्यानं घडते, पंख, सहा पाय, मोठे डोळे, सगळं तीन ते सहा दिवसांत.

बाहेर यायची पद्धत मला फार आवडते. माशीला दात नाहीत, आकडे अळीबरोबरच गेलेले, मग कवच फोडणार कशानं? तिच्या कपाळातनं एक छोटा फुगा बाहेर येतो, तो फुगवून ती टोपण ढकलते. आम्ही भिंगातनं बघितलं, डोकं फुगतंय, बसतंय, परत फुगतंय. बाहेर आली तेव्हा फिकट राखाडी होती, पंख चुरगळलेले, उडता येत नव्हतं, नुसती पळत होती. थोड्या वेळानं पंख सरळ झाले आणि रंग चढला. तो फुगा परत आत जातो आणि आयुष्यात पुन्हा कधी लागत नाही.

बारकी माशी मोठी होऊन मोठी माशी होते का? (आमच्या पोराचा प्रश्न)

नाही. पंख फुटले की वाढ संपली, सगळी वाढ अळी असतानाच होते. अळीला खायला कमी मिळालं तर माशी बारकी राहते एवढंच.

मग ती चिलटं कोणती?

ती वेगळीच जात. पिकलेल्या केळ्यावर, आंब्याच्या सालीवर, उसाच्या रसाच्या गाड्यावर लालसर डोळ्यांची जी बारीक माशी घोंगावते ती आंबलेल्या फळात अंडी घालते, तिचंही चक्र आठ-दहा दिवसांचंच. फळं झाका, साली रोज काढा. जीवशास्त्राच्या पुस्तकात आनुवंशिकतेसाठी जी फळमाशी असते ती हीच.

हिरवी चमकणारी माशी जास्त घाण असते का?

घरातली साधी माशी, मस्का डोमेस्टिका, राखाडी, पाठीवर चार काळ्या उभ्या रेघा. हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माश्या मांसावरच्या, मेलेलं जनावर, मटणाचा कचरा, जखम ह्यांचा वास त्यांना फार लांबनं येतो. तिसरी एक राखाडी मोठी असते, लाल डोळ्यांची, पोटावर चौकटी चौकटी, ती तर अंडी घालतच नाही, थेट जिवंत अळ्या टाकते. त्यामुळं "तासभर उघडं राहिलं आणि लगेच अळ्या कशा" असं कुणी म्हणालं तर खोटं बोलतोय असं समजू नका.

माशी अन्नावर बसली तर खरंच काही होतं का, का उगाच आपलं?

होतं. माशीला चावता येत नाही, तिचं तोंड म्हणजे स्पंज, फक्त पातळ शोषता येतं. साखरेच्या दाण्यावर बसली की आधी पोटातलं आणि लाळ त्यावर सोडते, दाणा विरघळवते आणि मग शोषते. खाता खाता तिथंच विष्ठाही टाकते. आणि आधी ती कुठं होती, तर उघड्या गटारावर नाहीतर उकिरड्यावर. किलोमीटर-दोन किलोमीटर ती सहज जाते. जुलाब, हगवण, टायफॉइड, कॉलरा ह्यांचे जंतू पायाच्या केसांवरनं आणि पोटातनं असे ताटात येतात. चव तिला पायानंही कळते, म्हणून जिथं बसेल तिथं तुडवतच चव घेते, आणि पाय चोळत बसते ते पायावरचे चवीचे केस आणि पकडायच्या गाद्या साफ ठेवायला.

चुकून अळी पोटात गेली तर? बहुतेक वेळा काही होत नाही, पचून जाते. पण अळी होती म्हणजे अन्नावर माशी बसून गेली होती आणि त्रास तिनं आणलेल्या जंतूंचा होतो. उलट्या-जुलाब झाले तर दवाखाना गाठा.

डाळिंबातली आणि पेरूतली अळीसुद्धा माशीचीच का?

पेरूतली हो, डाळिंबातली बहुतेक वेळा नाही. सांगोल्याच्या पाहुण्यांशी ह्यावरनं माझा वाद झाला होता. डाळिंबाला भोक पाडून आत जाणारी आणि भोकाशी घाण साठवणारी अळी फुलपाखराची आहे, तिला नीट डोकं आणि पाय असतात. पेरूत, आंब्यात पांढरी बिनपायाची अळी असते ती फळमाशीची (वर सांगितलेलं चिलट नव्हे, ही बागेतली वेगळी जात), तिची मादी सालीखाली सुई टोचून अंडी घालते, वरनं फळ चांगलं दिसतं आणि कापलं की वळवळ. ही अळी टुणकन उडी मारते, अंगाचं कडं करून, बघितली नसेल तर दचकायला होतं. मग मातीत जाऊन कोष करते, म्हणून झाडाखालचा सडा रोज उचलून खोल पुरायचा. बागेत टांगतात त्या मिथाइल युजेनॉलच्या (नरांना ओढणाऱ्या वासाच्या) सापळ्यात फक्त नर सापडतात, तेवढ्यावर भागत नाही. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आमच्या पुढं केगावलाच आहे, बागवाल्यांनी फवारणी दुकानदाराला विचारण्यापेक्षा तिथं विचारावी.

म्हशीच्या, शेळीच्या, कुत्र्याच्या जखमेत किडे पडलेत. घरी काय करू?

हा प्रश्न आला की मी हातातलं काम सोडून फोन करते, कारण इथं दिवसाचा उशीर महागात पडतो.

बाकीच्या बहुतेक अळ्या मेलेलं, सडलेलं खातात. पण क्रायसोमिया बेझियाना नावाची निळसर हिरवी माशी आपल्याकडं आहे, तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. ती जखमेच्या कडेला शंभर-दोनशे अंडी घालते, चोवीस तासांच्या आत अळ्या निघतात आणि डोकं आत, शेपटी बाहेर अशा खुपसून घेतात. जखम आत आत वाढते, वास सुटतो, त्या वासावर आणखी माश्या येतात. पाच-सात दिवसांनी अळ्या जमिनीत पडून कोष करतात, पण तोवर जनावराचे हाल झालेले असतात.

आमच्या रेडकाच्या नाळेला झालं होतं. जन्मून चार दिवस झालेले, दूध प्यायचं कमी झालं, सारखं पोटाकडं बघायचं आणि शेपटी आपटायचं. मी वाकून बघितलं तर नाळ ओली, आणि ओल्यात काहीतरी धपधप हलतंय, टोकं नुसती, तांदूळ उभे रोवल्यासारखी. डॉक्टरांनी टर्पेंटाइन लावलेला बोळा ठेवला, श्वासाची छिद्रं बाहेर असल्यानं गुदमरून त्या वर यायला लागल्या, मग चिमट्यानं एकेक काढली. पन्नास-साठ असतील. दुसऱ्या दिवशी परत बघितलं तर आणखी निघाल्या, एका वेळेत सगळ्या कधीच निघत नाहीत. रेडकू वाचलं, आज दूध देतेय. तेव्हापासून आमच्याकडं वासरू-रेडकू पडलं की पहिल्या तासात नाळेला टिंक्चर आयोडीन लागतंच, शिंग मोडलं, खरचटलं, काहीही झालं तरी माशी बसायच्या आत मलम लावतो. तुम्ही पेट्रोल, फिनाइल ओतू नका, मांस भाजतं. डॉक्टरांना बोलवा.

माणसाच्या बाबतीत तर घरगुती काहीच नको. शुगर असणाऱ्यांच्या पायाला जखम झाली तर दुखत नाही, कळत नाही, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं पण तसंच, त्यांच्या जखमा रोज उघडून बघा. अळ्या दिसल्या तर सरळ हॉस्पिटल.

अळ्यांनी जखम बरी करतात असं ऐकलं, खरं का?

खरं आहे, पण त्या वेगळ्या. हिरव्या माशीच्या एका जातीच्या, लुसिलिया सेरिकाटाच्या, लॅबमध्ये निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या फक्त मेलेलं मांस खाऊन जखम साफ करतात. विल्यम बेअर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमांवर हे बघितलं आणि पुढं उपचार म्हणून वापरलं, २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्या उकिरड्यावरच्या अळ्यांचा त्याच्याशी संबंध जोडू नका.

सोलापूरच्या उन्हात अळ्या मरत नाहीत का?

मे महिन्यात ४३-४४ झालं की उघड्यावरचा कचरा दिवसभरात वाळून जातो आणि वाळलेल्यात अळी जगत नाही, त्यामुळं उघड्यावर तेव्हा कमी दिसतात, पण डब्यातली, मोरीतली, गोठ्यातली ओल तशीच असते. खरी गंमत पहिल्या पावसानंतर, सगळं वाळलेलं एकदम भिजतं आणि बरोबर आठ-दहा दिवसांनी माश्यांचं राज्य सुरू होतं. जूनचा पहिला चांगला पाऊस पडला की मी त्याच दिवशी उकिरड्याचं काम काढते.

पाणी चार दिवसाआड येतं, रोज डबा धुवायला पाणी कुठलं आणायचं?

धुऊ नका, सुकवा. डब्याच्या तळाला जुना पेपर घाला, ओला कचरा निथळून पेपरात गुंडाळून टाका, वर मूठभर राख, आणि रिकामा डबा तासभर उन्हात पालथा ठेवा. मटण-मासळीचा कचरा गाडी येईपर्यंत फ्रीजरमध्ये पिशवीत ठेवला तरी चालतो, नाक मुरडू नका, करून बघा. अळ्या झाल्याच असतील तर एक तांब्या उकळतं पाणी पुरतं. आठवड्यात दोनदा डबा पूर्ण रिकामा झाला तर त्यात माशी तयार होऊच शकत नाही, कारण तिला तेवढे दिवसच मिळत नाहीत.

गोठ्याला काय?

गव्हाणीखालची सांडलेली पेंड रोज खरवडायची, शेणापेक्षा ती जास्त माश्या करते. शेण पातळ पसरून वाळवा नाहीतर ढीग घट्ट रचून ताडपत्रीनं झाका, आत इतकी उष्णता होते की अळ्या टिकत नाहीत, त्या थंड कडेला येतात, म्हणून कडा आठवड्यानं आत वळवायच्या. स्प्रेवर भरवसा ठेवू नका, औषध कोषाच्या कवचात फारसं शिरत नाही, आणि माश्यांना औषधाची सवय पटकन होते, डीडीटीसुद्धा काही वर्षांतच त्यांच्यावर चालेना झालं होतं.

कंपोस्टच्या ड्रममध्ये जाड, चपट्या, तपकिरी अळ्या झाल्यात, फेकू का?

राहू द्या. ती बहुतेक काळ्या सैनिक माशीची अळी असते, ओला कचरा झपाट्यानं खाते, आणि तिची माशी घरात येऊन ताटावर बसत नाही.

अंगणातल्या मातीतले कोष वेचायचे कसे?

वेचू नका. वरची दोन बोटं माती खराट्यानं उकरून ठेवा आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या सोडायला सांगा. आमच्याकडं सकाळी दोन कोंबड्या येतात, पायानं माती मागं फेकतात, मान वाकडी करून बघतात आणि एकेक तपकिरी दाणा टिपून नेतात.